मोडतं कुठं, ते आधी पाहा
नायट्रो मॉन्स्टर ट्रक, पिथमपूरचे रस्ते आणि टिकाऊपणाचं शास्त्र

इंदूरहून महूच्या अंगानं पुढे गेलं की धार जिल्ह्यातलं पिथमपूर लागतं. तिथं सुमारे एक हजार एकरांवर 'नॅट्रॅक्स' हे वाहनचाचणीचं राष्ट्रीय केंद्र पसरलेलं आहे. 29 जून 2021 रोजी तेव्हाचे केंद्रीय अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांनी इथल्या 11.3 किलोमीटर लांबीच्या वेगवान ट्रॅकचं उद्घाटन केलं. आशियातला हा सर्वांत लांब हायस्पीड ट्रॅक. चार पदरी, लंबगोल, वळणांवर एवढा कललेला की ताशी 250 किलोमीटरच्या वेगातही चालकाला स्टिअरिंग फारसं ओढावं लागत नाही. वर्तमानपत्रांत बातमी झाली ती या वेगाची.

त्याच आवारात एक ट्रॅक असा आहे की तो मुद्दाम खराब बांधलेला आहे. त्याला 'फटीग ट्रॅक' म्हणतात. गाडी वर्षानुवर्षं जे दणके खाईल, ते तिला इथं थोड्या दिवसांत खायला लावायचे आणि कुठला सांधा आधी दमतो, कुठल्या वेल्डला चीर जाते, कुठला बुश गळतो, ते टिपायचं, एवढंच त्याचं काम. टिकाऊपणाची परीक्षा वेगाच्या ट्रॅकवर होत नाही, ती या खडबडीत ट्रॅकवर होते. कारखान्यातल्या अभियंत्याला गाडी किती पळते यापेक्षा ती कुठं मोडते हे आधी कळावं लागतं.

हाच प्रश्न इंदूरच्या एखाद्या गच्चीवर किंवा मैदानाच्या कडेला, साडेचार किलोच्या एका गाडीपुढे बसलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरालाही पडतो. ती गाडी म्हणजे नायट्रो मॉन्स्टर ट्रक. हातातल्या रेडिओ कंट्रोलरवर चालणारी, खऱ्या ट्रकच्या साधारण एक दशांश आकाराची, हाताच्या पंजाएवढाली चाकं असलेली आणि पोटात खरंखुरं टू-स्ट्रोक इंजिन असलेली. बॅटरीवरच्या खेळण्यात आणि हिच्यात मोठा फरक आहे. हिला पेटवावं लागतं, ट्यून करावं लागतं, साफ करावं लागतं, आणि वापरलं की ही मोडते. मोडली की दोन वाटा असतात. मोडलेला भाग होता तसा बसवायचा, किंवा त्याहून दणकट भाग आणायचा. दुसऱ्या वाटेला या छंदात 'अपग्रेड' म्हणतात. या वाटेवर लोकांचे सर्वांत जास्त पैसे जातात आणि शिकायलाही सर्वांत जास्त तिथंच मिळतं.

अपग्रेडमधून जन्मलेलं वाहन

मॉन्स्टर ट्रक हे वाहनच मुळात अशा दुरुस्त्यांमधून घडलं. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या बॉब चँडलर यांनी 1974 सालची एक फोर्ड एफ-250 घेतली आणि ती रानावनात पिटाळली. सुटे भाग मोडत गेले तसे ते जास्त जड भाग बसवत गेले. टायर मोठे केले, तर अॅक्सल टिकेनात. मग लष्करी ट्रकांचे अॅक्सल आले. ते फिरवायला इंजिन कमी पडू लागलं, मग इंजिन वाढलं. त्या गाडीचं नाव 'बिगफूट'. 1981 मध्ये तिनं जुन्या मोटारी चिरडून दाखवल्या आणि एक नवा खेळ उभा राहिला. एक भाग बळकट केला की भार पुढच्या भागावर जातो, हा धडा त्या गाडीच्या जन्मापासूनचा आहे.

छोट्या गाड्यांतही हेच घडलं. जपानच्या तामियानं 1987 मध्ये 'क्लॉड बस्टर' हा विजेवरचा मॉन्स्टर ट्रक आणला. नायट्रो मॉन्स्टर ट्रक घरोघर नेला तो 1999 मध्ये आलेल्या ट्रॅक्सास या कंपनीच्या 'टी-मॅक्स'नं. चारही चाकांना ताकद, प्रत्येक चाकाला दोन म्हणजे एकूण आठ शॉक, आणि रेडिओवरून टाकता येणारा रिव्हर्स गिअर! पाठोपाठ एचपीआयचा 'सॅव्हेज' आला. दोन उभ्या अॅल्युमिनियम पट्ट्यांमध्ये सगळी यंत्रणा धरणारी त्याची चासी दणकटपणासाठी नावाजली गेली. 2004 मध्ये ट्रॅक्सासचा 'रेव्हो' आला. त्यात शॉक चाकापाशी उभे न ठेवता चासीवर आडवे निजवले होते आणि चाकाची हालचाल पुशरॉड आणि रॉकरमधून त्यांच्यापर्यंत नेली होती. शॉकची लांबी आणि चाकाचा प्रवास यांची फारकत झाल्यामुळे रेव्होचं चाक खूप वर-खाली जाऊ शकतं, आणि शॉक मात्र दगडांपासून दूर राहतात.

सॅव्हेजची चासी दणकट होती, पण डिफरन्शियलचे दात त्या ताकदीपुढे उडू लागले. मग कंपनीनंच कमी संख्येचे, जाड दातांचे मजबूत गिअर विकायला काढले. टी-मॅक्सच्या पुढच्या आवृत्तीत इंजिन 2.5 सीसीवरून 3.3 सीसी झालं, त्याबरोबर व्हीलबेस लांबवावा लागला. अपग्रेडची ही साखळी पोरासोरांची हौस आहे असं कुणी समजू नये. गाडी बनवणाऱ्या कंपन्याही याच वाटेनं गेल्या.

उडीनं नव्हे, कठड्यानं मोडते

मॉन्स्टर ट्रक बघणाऱ्याला वाटतं की गाडी उड्यांनी मोडत असेल. हिशेब वेगळं सांगतो.

साडेचार किलोची गाडी दोन मीटर उंचीवरून पडली, तर जमिनीला टेकताना तिच्यात साधारण 90 ज्यूल ऊर्जा असते. तीच गाडी ताशी 70 किलोमीटर वेगानं, आणि 3.3 सीसीचे ट्रक तेवढे पळतात, फुटपाथच्या कठड्यावर आदळली, तर ऊर्जा होते साधारण 850 ज्यूल. म्हणजे जवळजवळ दहापट. 70 च्या वेगानं भिंतीला धडकणं म्हणजे सहा मजली इमारतीवरून खाली पडणं. शिवाय उडी घेतलेली गाडी चार चाकांवर उतरते आणि शॉक ती ऊर्जा तेलातून सावकाश खातात. कठड्याला मात्र एकच चाक लागतं, आणि सगळा दणका चाक धरणाऱ्या एका आर्ममधून, त्याला जोडणाऱ्या एका हिंजपिनमधून, ती पेलणाऱ्या एका बल्कहेडमधून जातो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. दर किलोमागे येणारी ही ऊर्जा गाडीच्या आकारावर अवलंबून नसते. 70 च्या वेगानं धडकणाऱ्या छोट्या ट्रकच्या प्रत्येक किलोला तेवढंच सोसावं लागतं, जेवढं खऱ्या मोटारीच्या प्रत्येक किलोला सोसावं लागतं. त्यामुळे 'खेळण्यातली गाडी आहे, काय होतंय तिला' हे म्हणणं चूक आहे. या गाड्यांना मिळणारा मार खराखुरा अपघाती मार असतो, आणि तो त्या दर आठवड्याला खातात.

म्हणून या छंदातलं सर्वांत स्वस्त अपग्रेड म्हणजे मोकळी जागा. कठडे, विजेचे खांब, उभ्या मोटारी नसलेलं मातीचं मैदान मिळालं, तर निम्मे भाग आपोआप टिकतात.

इंजिनाचा खरा शत्रू

गाडीचं अंग आदळून मोडतं, इंजिन मात्र झिजून मरतं.

नायट्रो इंजिन अडीच ते पाच सीसीचं, पण त्याचे फेरे मिनिटाला तीस हजारांच्या पुढे जातात. त्यात स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. प्लॅटिनममिश्रित तारेचं हे छोटं वेटोळं सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलनं तापवायचं. नंतर इंधनातल्या मिथेनॉलच्या वाफा प्लॅटिनमच्या सान्निध्यात पेट घेत राहतात आणि तार स्वतःच लाल राहते. इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण. नायट्रोमिथेन स्वतःच ऑक्सिजन घेऊन येतं. पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे 14.7 भाग लागतात, मिथेनॉलला साधारण 6.4, नायट्रोमिथेनला अवघे 1.7. म्हणून तेवढ्याच सिलिंडरमध्ये जास्त इंधन जळतं आणि ताकद वाढते.

त्यातलं तेल म्हणजे बहुधा एरंडेल आणि सिंथेटिक तेल यांची जोडी. एरंडेलाचा थर भयंकर उष्णतेतही धातूला धरून राहतो, म्हणून पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांतही ते वापरलं गेलं. जगातलं सर्वाधिक एरंडेल भारतात होतं आणि त्यातलं बहुतेक शेजारच्या गुजरातेत. नायट्रो इंजिनाचा जीव वाचवणारं तेल इंदूरपासून एका रात्रीच्या प्रवासावर पिकतं.

इंजिनाच्या आत पाहिलं, तर सगळी करामत एका निमुळतेपणात आहे. पिस्टन अॅल्युमिनियमचा, स्लीव्ह पितळेची, आतून क्रोम चढवलेली. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित अरुंद असते. थंड इंजिनाचं फ्लायव्हील हातानं फिरवलं, तर पिस्टन वर पोचताना अडतो आणि बोटांना ती पकड जाणवते. इंजिन तापलं की पितळेची स्लीव्ह जास्त प्रसरण पावते आणि हीच पकड बरोब्बर मोकळ्या फेऱ्यात बदलते. पिस्टनला रिंग नसते. कॉम्प्रेशन धरतो तो हा निमुळता बसाव. तो गेला की इंजिन गेलं. पुल स्टार्टर ओढताना हाताला काही विरोध लागेनासा झाला की समजायचं, पकड संपली.

ही पकड घालवते धूळ. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते आणि पावसात चाकांना लपेटून बसते. दोन थरांच्या फोमचा एअर फिल्टर, त्याला नीट चोळलेलं फिल्टर ऑइल, आणि दर तीन-चार टँकांनंतर तो धुऊन पुन्हा तेल लावणं, हे एवढंच काम इंजिनाचं आयुष्य कैक पटींनी वाढवतं. फिल्टरचा रबरी गळा कार्ब्युरेटरवर झिप टायनं आवळलेला नसेल, तर बाकीची सगळी काळजी वाया जाते. नवं महागडं इंजिन घेण्याआधी या एका सांध्याकडे पाहावं.

दुसरा घात होतो ट्यूनिंगमध्ये. कार्ब्युरेटरला दोन सुया असतात, एक जास्त वेगाची आणि एक कमी वेगाची. सुई आत फिरवली की इंधन कमी होतं, इंजिन 'लीन' होतं. मग ते सणसणीत पळतं, तापतं, आणि तेल कमी पडल्यामुळे पिस्टन खरवडून घेतं. सुई बाहेर फिरवली की 'रिच', धूर जास्त, आवाज भरडा, पण इंजिन सुरक्षित. सुयांचं छापील सेटिंग इंदूरला जसंच्या तसं चालत नाही, याला कारण आहे. शहर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंचावर आहे, त्यामुळे हवा मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ. त्यात जानेवारीच्या सकाळी पारा दहा अंशांवर, तर मेच्या दुपारी बेचाळीसवर. या दोन वेळांतच हवेच्या घनतेत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडतो. मेमध्ये बसवलेली सुई जानेवारीच्या सकाळी तशीच ठेवली, तर घट्ट हवेला इंधन अपुरं पडतं आणि इंजिन नकळत लीन चालतं.

ट्यूनिंगची परीक्षा साधी आहे. गाडी तापवून घ्यायची, आयडलवर उभी करायची आणि कार्ब्युरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबायची. दोन-तीन सेकंद इंजिन तसंच चालून, आवाज किंचित चढून मग बंद पडलं, तर कमी वेगाची सुई बरोबर आहे. लगेच दम तोडला तर लीन, बराच वेळ रेंगाळलं तर रिच. जास्त वेगाच्या सुईसाठी सिलिंडरहेडवर पाण्याचा थेंब टाकायचा. तीन-चार सेकंदांत उकळून गेला तर ठीक, पडताक्षणी उडाला तर इंजिन अतितप्त. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल, तर ग्लो प्लगच्या बुडाशी 100 ते 130 अंश सेल्सिअस हा सुरक्षित पट्टा धरावा.

तिसरा घात होतो खेळ संपल्यावर. मिथेनॉल हवेतली ओल शोषतं. टँकमध्ये इंधन तसंच ठेवून गाडी कपाटात गेली, की क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर गंज चढतो. पावसाळ्यात तर आठवड्यात. म्हणून टँक रिकामा करणं, इंजिन कोरडं पडेपर्यंत चालवणं आणि ग्लो प्लगच्या भोकातून आफ्टर-रन ऑइलचे थेंब सोडून दोन-चार फेरे मारणं, हे काम गाडी धुण्याइतकंच नेमानं करावं. मिथेनॉल विषारी आहे. ते पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीवही जातो. त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. घरात मुलं असतील, तर इंधनाची बाटली कुलपात राहिली पाहिजे.

सगळ्यांत दणकट भाग सगळ्यांत चांगला नसतो

आता अपग्रेडच्या मुख्य प्रश्नाकडे. दुकानातला झगमगीत, निळा-लाल अॅनोडाइज केलेला अॅल्युमिनियमचा आर्म हातात घेतला की वाटतं, प्लास्टिकच्या जागी हा बसवला की काळजी मिटली. इथंच बहुतेक जण फसतात.

मूळ आर्म चांगल्या नायलॉनचा असतो. कठड्यावर आदळला की तो वाकतो, ऊर्जा खातो आणि परत सरळ होतो. फारच झालं तर तुटतो, आणि काही शे रुपयांत नवा येतो. अॅल्युमिनियमचा आर्म वाकला की वाकलेलाच राहतो. त्याहून वाईट म्हणजे तो वाकला नाही, तर तो दणका पुढे ढकलतो. पुढे असतो बल्कहेड, त्याच्या पोटात डिफरन्शियल, त्याच्या मागे चासी. म्हणजे दोनशे रुपयांचा भाग वाचला आणि दोन हजारांचा गेला. अमेरिकेतल्या आरपीएमसारख्या कंपनीनं लवचीक नायलॉनचे आर्म विकून नाव कमावलं ते याच समजुतीतून. आर्मसाठी लवचीक प्लास्टिक हेच मजबूत अपग्रेड.

अॅल्युमिनियमचा दुसरा दोष डोळ्यांना दिसत नाही. 8 मे 1842 रोजी फ्रान्समध्ये मदों इथं इंजिनाचा अॅक्सल तुटून रेल्वेचा भीषण अपघात झाला. असे अॅक्सल का तुटतात, याचा शोध घेताना जर्मन अभियंता ऑगुस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि दाखवून दिलं की एका दणक्यानं न तुटणारा धातू लाखो छोट्या दणक्यांनी तुटतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात. पुढे स्पष्ट झालेली गोष्ट अशी की पोलादाला एक मर्यादा असते. तिच्याखालचा भार त्यानं कितीही वेळा सोसला तरी तो दमत नाही. अॅल्युमिनियमला अशी ठाम मर्यादा नाही. छोटे दणके साठत राहतात आणि एक दिवस नवाकोरा दिसणारा भाग साध्या उडीत तुटतो. पिथमपूरच्या फटीग ट्रॅकवर हाच साठत जाणारा थकवा मोजतात.

म्हणून धातू कुठं घालायचा याचे काही सरळ नियम आहेत. जिथं भाग फिरतो, घासतो आणि ताकद वाहतो, तिथं पोलाद. उदाहरणार्थ ड्राइव्ह शाफ्ट, डिफचे गिअर, हिंजपिन. जिथं भाग सरळ आणि ताठ राहायला हवा, तिथं अॅल्युमिनियम. जसं चाकांचे हेक्स, स्टिअरिंगचे बेलक्रँक, शॉकच्या टोप्या. जिथं दणका थेट येतो, तिथं नायलॉन. आणि साखळीत एक भाग मुद्दाम कमजोर ठेवायचा. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारा स्पर गिअर प्लास्टिकचा असतो तो कंजुषीपायी नाही. चाक अडकून इंजिन जोर करू लागलं, की त्याचे दात उडावेत आणि गिअरबॉक्स वाचावा, अशी ती योजना असते. घरच्या वीजफळीतला फ्यूज जे काम करतो तेच हा गिअर करतो. पोलादी स्पर बसवून जे हा फ्यूज काढून टाकतात, त्यांना पुढच्या महिन्यात गिअरबॉक्स उघडावा लागतो.

आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे मोठं इंजिन. 3.3 सीसीच्या जागी 4.6 सीसीचं बसवलं, की गाडी एका दुपारपुरती राक्षसी होते. मग क्लच बेल जळते, डिफचे दात उडतात, शाफ्ट पिळून निघतात. चँडलर यांचा ट्रक याच वाटेनं बदलत गेला होता, पण त्यांच्याकडे स्वतःचं वर्कशॉप होतं. छंदिष्टाकडे महिन्याचा हातखर्च असतो.

बाजाची शिकवण

ताकद की टिकाऊपणा, या प्रश्नाचं सर्वांत शिस्तशीर उत्तर पिथमपूरनंच दिलेलं आहे. 1976 मध्ये अमेरिकेत साऊथ कॅरोलायना विद्यापीठात सुरू झालेली 'बाजा' ही विद्यार्थ्यांची स्पर्धा 2007 मध्ये एसएईइंडिया या अभियंत्यांच्या संस्थेनं भारतात आणली आणि पिथमपूरचं नॅट्रॅक्स तिचं घर झालं. देशभरातून, आणि त्यात महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून मोठ्या संख्येनं, संघ येतात. प्रत्येक संघ एकट्या चालकाची, कुठल्याही जमिनीवर चालणारी गाडी स्वतः घडवतो. सरतेशेवटी होते चार तासांची सहनशक्तीची शर्यत. खड्डे, दगड, चिखल, उतार यांवरून चार तास. जिंकण्यासाठी वेग लागतो, पण आधी शर्यत संपताना गाडी चालती असावी लागते.

बाजाचा सर्वांत मोलाचा नियम इंजिनाचा आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या सगळ्या गाड्यांना सारखंच, ठरवून दिलेलं इंजिन, आणि त्याला हात लावायला बंदी. त्यामुळे सगळी बुद्धी उरते ती चासीसाठी, सस्पेन्शनसाठी, गिअरबॉक्ससाठी. चालकाभोवतीचा पिंजरा कुठल्या पोलादाचा असावा, त्यात कार्बन किमान किती असावा, नळीचा व्यास आणि जाडी किती, हे सगळं ठरवून दिलेलं असतं. या नियमांमुळे विद्यार्थ्याला कळतं की ताकद विकत मिळते, टिकाऊपणा घडवावा लागतो.

पिथमपूरला हे सहज साधलं यात नवल नाही. 1980 च्या दशकात इथं औद्योगिक वसाहत उभी राहिली, तेव्हा पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा आणि बजाज टेम्पो इथं आली, आयशरचे ट्रक आले. होळकरांच्या काळापासून इंदूरमध्ये रुजलेल्या मराठी घरांतली कित्येक माणसं या कारखान्यांत घडली. इंदूरचं श्री गोविंदराम सेक्सरिया अभियांत्रिकी महाविद्यालय 1952 पासून आहे, 2009 पासून आयआयटीही आहे. गाडी कशी टिकते याचं ज्ञान या शहराच्या अंगणात आहे.

भाग येणार कुठून?

नायट्रो ट्रकवाल्याची भारतातली खरी अडचण सुट्या भागांची आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये खेळण्यांवरचं आयातशुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70 टक्के. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं झालं. देशी खेळणीउद्योगाला यातून आधार मिळाला, पण आयात आरसी (रेडिओ कंट्रोल) गाड्या आणि त्यांचे भाग महागले. त्यात जगभर हा छंद ब्रशलेस मोटार आणि लिथियम बॅटरीकडे वळला. टी-मॅक्स आणि रेव्होचे भाग अजून मिळतात, पण बंद झालेल्या मॉडेलचा एक गिअर मिळवायला महिने जातात. अशा वेळी टिकाऊ गाडी म्हणजे जिचे भाग मिळतात ती गाडी. विकत घेताना वेग आणि रंग पाहण्याआधी हे विचारावं.

यावर इंदूरकडे एक उपाय आहे. सांवेर रोड आणि पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतींत लेथ आणि मिलिंगची छोटी वर्कशॉप आहेत. ईएन-24 पोलादाचा शाफ्ट, ईएन-36 चा कडक केलेला गिअर, नायलॉन रॉडमधून कातलेला बुश, तीन मिलिमीटर अॅल्युमिनियम पत्र्याची स्किड प्लेट, या गोष्टी तिथल्या कारागिराला अवघड नाहीत. बेअरिंग तर प्रमाणित मापाचीच असतात. मूळ भाग घेऊन जायचा, व्हर्नियरनं मापं घ्यायची, कागदावर ड्रॉइंग काढायचं आणि कडकपणा कुठं हवा, कुठं नको ते सांगायचं. पोरानं एकदा हे केलं, की त्याला टॉलरन्स म्हणजे काय हे पुस्तकाशिवाय कळतं.

अपग्रेडचा क्रम

पैसे कमी असतील, आणि ते बहुतेकांचे कमीच असतात, तर क्रम असा ठेवावा.

सर्वांत आधी फेलसेफ. रिसीव्हरची बॅटरी उतरली किंवा सिग्नल तुटला, की थ्रॉटल ब्रेकवर गेला पाहिजे. त्याच्या जोडीला थ्रॉटलवर परत ओढणारी स्प्रिंग. हे नसेल तर 70 च्या वेगानं सुटलेली साडेचार किलोची गाडी कुणाच्या पायावर जाईल याचा नेम नाही. दुसरं, फिल्टर आणि त्याचं तेल. तिसरं, धातूत धातू फिरणाऱ्या प्रत्येक स्क्रूला लॉकटाइट (स्क्रू धरून ठेवणारा गोंद), कारण तीस हजार फेऱ्यांच्या कंपनात उघडा स्क्रू टिकत नाही. चौथं, रबरी सील असलेली बेअरिंग. पाचवं, डिफरन्शियल उघडून शिम (पातळ चकत्या) घालणं, म्हणजे दात नीट बसतात, आणि त्यात योग्य जाडीचं सिलिकॉन तेल. सहावं, चाकं वळवणारा दमदार स्टिअरिंग सर्व्हो आणि त्याला दणक्यांपासून वाचवणारा सर्व्हो सेव्हर. त्यानंतर लवचीक आर्म आणि पोलादी शाफ्ट. रंगीत अॅल्युमिनियम सर्वांत शेवटी, आणि मोठं इंजिन बहुधा कधीच नाही.

या क्रमात पहिल्या पाच गोष्टींना मिळून एका झगमगीत अॅल्युमिनियम संचाएवढेही पैसे लागत नाहीत. त्यांतली एकही बाहेरून दिसत नाही. पण वर्षभरानंतर मैदानात चालती गाडी असते ती यांच्यामुळे.

पालकांना आणि इंदूरच्या महाविद्यालयांना एक विनंती आहे. मुलानं गाडी मोडून आणली तर रागावू नका. तुटलेला भाग टाकून देऊ नका. तारीख, जागा, कशावर आदळली आणि काय तुटलं, हे त्याला एका वहीत लिहायला लावा. सहा महिन्यांत त्या वहीत त्याच गाडीचा फटीग ट्रॅक तयार होतो, आणि पुढचं अपग्रेड कुठलं ते दुकानदाराऐवजी ती वही सांगते. महाविद्यालयांनी बाजाचा संघ तिसऱ्या वर्षापर्यंत थांबवू नये. पहिल्या वर्षाच्या चार मुलांना मिळून एक जुना नायट्रो ट्रक द्यावा, इंजिनाला हात लावायला बंदी करावी आणि ती गाडी वर्षअखेर चालती ठेवणाऱ्यांना गुण द्यावेत. पिथमपूरच्या ट्रॅकवर पोचण्याआधी त्या मुलांना माहीत असेल की टिकाऊ गाडी म्हणजे न मोडणारी गाडी नव्हे. जी ठरवून दिलेल्या जागीच मोडते आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा उभी करता येते, ती टिकाऊ.